महाराजांनी गोड काढा कडू केला

श्रीभिवगिरी महाराज त्या वर्षी चातुर्मासासाठी बोरघळीत राहिले होते. बोरघळ म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं, ओढ्याकाठचं शे-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. गावात भैरवनाथाचं दगडी देऊळ आणि देवळामागे एक गळकी पडवी. गावातल्या मोठ्या घरांनी महाराजांना आपल्या कोरड्या ओसरीवर यायचा आग्रह केला. पण महाराज म्हणाले, "देवाचं छप्पर गळतंय, मग माझं कशाला कोरडं हवं?" आणि पडवीत घोंगडी अंथरून बसले. गावाला हे मनातून आवडलं नाही, पण संतापुढे बोलणार कोण!

संतांच्या कथांत कडू वस्तू गोड झाल्याचं आपण नेहमी ऐकतो. ऐकायला बरं वाटतं, माना डोलतात. आमच्या महाराजांच्या या कथेत नेमकं उलट घडलं. म्हणून ही कथा फारशी कुणी सांगत नाही, आणि सांगितली तर शेवटी साखर पेरून सांगतात. मी तसं करणार नाही. ज्याला गोड हवं असेल त्यानं प्रसादाच्या वेळी यावं.

बोरघळीत भार्गवशास्त्री नावाचे वैद्य होते. पंचक्रोशीत मोठं नाव. पोटाच्या विकारावर त्यांचा काढा म्हणजे हमखास उतारा, असं लोक सांगत. आव पडो, रक्त पडो, शास्त्रीबोवांचा काढा तीन दिवस घेतला की माणूस चौथ्या दिवशी भाकरी मागत असे. शास्त्रीबोवा विद्वान होते यात शंका नाही. ग्रंथ मुखोद्गत, चेहरा तेजस्वी, आवाज खणखणीत. फक्त एक गोष्ट होती. ज्या झाडाच्या सालीवर हे सगळं नाव उभं होतं, ते झाड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

साल आणून देई बुधी. गावाच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी होती, तिथली ही विधवा बाई. काळीसावळी, हाडापेरानं काटक, बोलायला तोडकी. रानातलं पान न् पान तिला ठाऊक. साल काढायची तर आदल्या दिवशी झाडापाशी जाऊन चार तांदूळ ठेवून यायची. "उद्या येते बरं, मान्सांचं काम हाय," असं झाडाला सांगायची. दुसऱ्या दिवशी आधी सालीचा एक तुकडा दातांखाली धरायची आणि मगच कोयता लावायची. साल काढायची तीही एकाच अंगाची, म्हणजे झाड मरत नाही. तिचं म्हणणं असं, "जिभंला इचारल्याबिगर झाडाला हात लावायचा नाय. डोळं फसत्यात, जीभ नाय फसत."

आणि डोळे फसण्यासारखंच ते झाड होतं. रानात कुड्याच्या दोन जाती असतात. फुलं दोघांची पांढरी, शेंगा दोघांच्या लांब, जोडीजोडीनं लोंबणाऱ्या. एक कडू कुडा. त्याची साल जिभेवर ठेवली तर डोळ्यांत पाणी येतं, आणि आवेवर तीच चालते. दुसरा गोडा कुडा. त्याची साल तोंडात धरली तरी काही वाटत नाही, आणि आवेला तिचा काडीचा उपयोग नाही.

आता शास्त्रीबोवांच्या घरची गंमत ऐका. त्यांच्या घरात 'कडू' हा शब्द उच्चारायला बंदी होती. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, मालवतो. तसंच हे. शिवाय कडू या शब्दाला आपल्याकडे दुसराही अर्थ आहे. ज्याच्या कुळात खोट आहे त्याला लोक कडू म्हणतात आणि शुद्ध कुळाला गोड म्हणतात. सोयरीक जमवताना हळूच विचारतात, घर गोड आहे की कडू? शास्त्रीबोवांना आपल्या कुळाचा अभिमान फार. तेव्हा असला अभद्र शब्द आपल्या उंबऱ्याच्या आत नको, म्हणून त्यांच्या वडिलांपासून त्या घरात कडू कुड्याला 'गोडा' म्हणत. "बुधे, गोड्याची साल संपत आली," असं शास्त्रीबोवा मागच्या दारातून सांगत, आणि बुधी मुकाट्यानं कडू कुड्याची साल आणून देई. तिला त्यांची भाषा कळत होती. सालीचे तुकडे ती परसातल्या दगडावर ठेवून लांब उभी राही. शास्त्रीबोवा त्यावर गंगोदक शिंपडत, तीन दिवस वाळवत, मग साल शुद्ध झाली असं मानत. तिच्या हातचा तुकडा जिभेवर ठेवून बघणं तर स्वप्नातही शक्य नव्हतं. बाटले असते ना!

ही बुधी महाराजांची भक्त होती. भक्त म्हणजे काय, सकाळी रानात जाताना पडवीसमोर उभी राहायची, हात जोडायची, आणि परतताना कधी करटुली, कधी रानकेळीचं पान तिथे ठेवून जायची. पडवीत बसलेली मंडळी तिला हसायची. "आली महाराजांची राजवैद्य," असं म्हणायची. महाराज मात्र तिचं पान उलगडून बघत आणि म्हणत, "आज लांब गेली होतीस वाटतं."

आषाढ संपता संपता शास्त्रीबोवांच्या धाकट्या मुलाची सोयरीक ठरत आली. मुलीकडची मंडळी घर बघायला आली. ओसरीवर बैठक, आत पुरणाचा बेत. नेमकी त्याच दिवशी बुधी सालीचं ओझं घेऊन मागच्या दारी आली. नेहमीच्या दगडावर तांब्याची भांडी वाळत घातली होती. ती बराच वेळ थांबली. कुणी येईना. पाऊस येईल आणि साल भिजेल म्हणून शेवटी तिनं आवाज दिला, "शास्त्रीबाबा, कडू कुडा आनलाय, कुठं ठिवू?"

तिचा आवाज रानातला. माजघर ओलांडून थेट ओसरीवर गेला.

व्याही हातातली सुपारी कातरता कातरता थांबले. बाकी काही नाही, नुसते हसले. "काय हो शास्त्रीबोवा, घरात काय काय कडू आहे म्हणायचं?" थट्टाच होती. पण शास्त्रीबोवांच्या कपाळाची शीर उडायला लागली. ते तरातरा मागच्या दारी आले.

"चांडाळणी! आजच्या दिवशी? माझ्या दारात उभी राहून?"

"शास्त्रीबाबा, म्या निस्तं झाडाचं नाव..."

"तोंड बंद! तो शब्द जिथून आणलास तिथे घेऊन जा. पुन्हा या परसात पाऊल टाकलंस तर कुत्री सोडीन."

त्यांनी ओझ्याला लाथ मारली. सगळी साल शेणाच्या खड्ड्यात सांडली. बुधीची मुलगी मंजी शास्त्र्यांच्या गोठ्यात कामाला होती. सोळा वर्षांची पोर. ती शेणाची पाटी डोक्यावर घेऊन हे सगळं बघत उभी राहिली. आईनं तिला डोळ्यांनी सांगितलं, तू काम कर. आणि बुधी निघाली.

ती थेट पडवीशी आली. गावात बातमी तिच्या आधी पोचली होती. बसलेल्यांतला एक जण म्हणाला, "आली का कडू बुधी?" सगळे खदाखदा हसले. त्या दिवसापासून गावानं तिला तेच नाव पाडलं.

महाराज म्हणाले, "काय म्हणालीस तू?"

"कडू म्हनले, म्हाराज."

"झाड कडूच आहे ना?"

"हाय की."

"मग खरं बोललीस," एवढंच महाराज म्हणाले आणि मंडळींकडे बघत राहिले. हसणारे हळूहळू उठून गेले.

इकडे शास्त्रीबोवांना साल तर हवीच होती. त्यांनी आपला गडी रखमाजी याला बोलावलं आणि सांगितलं, "रानात जा आणि कुड्याची साल आण." रखमाजी शेतकरी गडी, झाडं ओळखणारा. त्यानं शहाण्यासारखं विचारलं, "कुडा दोन असत्यात मालक. कंचा आनू?"

शास्त्रीबोवा म्हणाले, "गोडा. गोडा कुडा. नीट लक्षात ठेव."

रखमाजीनं नीट लक्षात ठेवलं. त्यानं दोन दिवस रान तुडवलं, चांगला जून गोडा कुडा शोधला आणि ओझंभर साल आणून दिली. त्याचं काय चुकलं? शास्त्रीबोवांनी गंगोदक शिंपडलं. सुनेनं साल उकळली, नेहमीचा गुळाचा खडा टाकला. पूर्वी त्या गुळानं काही होत नसे, लोक नाक दाबून काढा पीत. आता काढा गोड लागू लागला. पोरंसोरं मागून पिऊ लागली. लोक म्हणाले, "बघा! कडू बुधीचा हात सुटला आणि काढ्याचा कडूपणा गेला. शास्त्रीबोवांचा हातगुणच तसा." शास्त्रीबोवा मान हलवून हसत. त्यांनाही ते खरं वाटलं, हे विशेष!

श्रावण गोडीगुलाबीत गेला. भादव्यात ओढ्याला गढूळ पाणी आलं आणि गावात रक्ती आव सुरू झाली. आधी न्हाव्याच्या आळीत, मग सगळीकडे. घरटी एक अंथरूण. शास्त्रीबोवांनी देवळाच्या अंगणात मोठी कढई लावली. सगळ्या गावानं यावं, काढा न्यावा. दानत होती माणसात, ती नाकारू नये. लोक रांगेनं येत, गोड काढा घेऊन जात. आणि मरत. आठ दिवसांत सहा माणसं गेली. शास्त्रीबोवा म्हणाले, "मात्रा वाढवा." मग दुप्पट काढा प्यायला लागले, आणि आणखी गेले.

नवव्या दिवशी मंजी गोठ्यात पडली. बुधीला कळलं तशी ती कमरेला सालीची पुरचुंडी बांधून धावत आली. परसाच्या कुंपणाशी शास्त्रीबोवांनी तिला अडवलं. चार माणसं बरोबर होती.

"शास्त्रीबाबा, पोरगी न्हेते म्या माझी."

"या स्थितीत हलवलीस तर वाटेत मरेल. माझ्या घरी आहे, तिला माझंच औषध मिळतं आहे. सुनेनं सकाळीच पाजलं."

"मग मला येक थेंब बघू द्या त्या काढ्याचा."

शास्त्रीबोवांची सून भली होती. तिनं कुंपणावरून पळी पुढे केली. बुधीनं चाखलं आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. "बाबा, हा कडू कुडा न्हवं. ह्यो गोडा हाय. गोडा कुडा!"

शास्त्रीबोवा मोठ्यानं हसले. बरोबरच्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? शेवटी नीट बोलायला शिकली! होय गं बाई, गोडाच आहे तो. माझ्या घरात गोडाच असतो."

"तसं न्हवं बाबा, खरंच गोडा हाय! त्याचा उपेग नाय!"

कुणी ऐकून घेतलं नाही. चौघांनी मिळून तिला ओढ्यापर्यंत लोटत नेलं. तिसऱ्या दिवशी मंजी गेली. गोठ्यात, गवतावर. आईनं तिला पाहिलं ते तिरडीवर. कमरेची पुरचुंडी अजून तशीच होती.

इथे माझा हात अडखळतो. महाराज गावात होते, मग त्यांनी हे का होऊ दिलं, असं तुम्ही विचाराल. मीही माझ्या गुरूंना विचारलं होतं. ते म्हणाले, महाराज रोज सकाळी देवळाच्या अंगणात येऊन सांगत होते, "जे देता ते आधी स्वतः चाखा." शास्त्रीबोवा उत्तर देत, "औषध रोग्यानं घ्यायचं असतं, महाराज." आणि गाव शास्त्रीबोवांकडे बघून मान हलवत असे. संत सांगतात. ऐकणारे कान देऊ शकत नाहीत. हे उत्तर मला पुरलं नाही, तुम्हालाही पुरणार नाही. पण माझ्याजवळ दुसरं नाही.

मंजी गेल्यावर गावात नवी कुजबुज सुरू झाली. ठाकरवाडीत आव आली होती, पण तिथे कुणी मेलं नाही. असं का? बुधी सगळ्यांना कडू कुडा पाजत होती, म्हणून. पण हे साधं कारण कुणाला सुचेल तर शपथ. शास्त्रीबोवा म्हणाले, "तिनं माझ्या औषधाचा गुण ओढून नेला. माझ्या दारात अभद्र शब्द उच्चारून बाधा घातली. त्या दिवसापासूनच काढ्याला गुण नाही." ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. माणूस स्वतःला चुकलो म्हणायच्या आधी काय काय खरं मानून बसतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी पंधरा-वीस माणसं वाडीवर चढली. त्यांनी बुधीची झोपडी उपसली. छपरात सालीची तीन गाठोडी होती, वर्षभराची. अख्ख्या गावाला पुरली असती. ती आणि बुधीच्या कमरेची पुरचुंडीही त्यांनी फुगलेल्या ओढ्यात फेकली. ज्यांच्या घरात अंथरुणं होती तेच फेकत होते. मग तिच्या केसांना धरून तिला देवळाच्या अंगणात आणलं. कुणी म्हणालं मुंडन करा, कुणी म्हणालं हिलाही ओढ्यात टाका. शास्त्रीबोवा पायरीवर उभे होते. त्यांनी टाका म्हटलं नाही. नकोही म्हटलं नाही.

तेवढ्यात महाराज पडवीतून आले. गर्दी दुभंगली. त्यांनी बुधीच्या केसांवरचा हात बाजूला केला, कढईपाशी गेले, पळीभर काढा घेतला आणि प्यायले.

"गोड आहे," महाराज म्हणाले. "शास्त्रीबोवा, तुम्ही घ्या."

"महाराज, मी रोगी नाही."

"म्हणूनच घ्या. रोग्याची जीभ खोटं सांगेल, तुमची नाही."

सगळं गाव बघत होतं. शास्त्रीबोवांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला काढा तोंडात घेतला. तोंडातच धरून उभे राहिले. तीस वर्षं लोकांची तोंडं वाकडी होताना त्यांनी पाहिली होती. आणि हा तर गुळाच्या पाण्यासारखा! त्यांनी रखमाजीला हाक मारली. 

"कसली... कसली साल आणलीस तू?"

रखमाजी हात जोडून पुढे आला. "मालक, तुमीच म्हनलं गोडा कुडा आन. म्या इचारलंबी, कंचा म्हून. गोडाच आनलाय. येक तुकडाबी दुसरा नाय त्यात."

 शास्त्रीबोवा मटकन पायरीवर बसले. तोच त्यांची सून धावत आली. खांद्यावर यमू होती, शास्त्रीबोवांची सहा वर्षांची नात. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, मान लटकत होती. सुनेनं तिला महाराजांच्या पायांशी ठेवलं. पोरीत रडायचंही बळ नव्हतं.

महाराजांनी यमूच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "बुधे, साल आहे का?"

"व्हती. वढ्यात गेली. इचारा ह्या मान्सांस्नी."

"रानातून आणायला?"

"रान वढ्याच्या पल्याड. वढा उतरंल तवा. परवा."

"परवापर्यंत ही थांबणार नाही," महाराज म्हणाले. मग त्यांनी आपला उजवा हात कोपरापर्यंत त्या कढईत घातला. "या काढ्यात फक्त एक गोष्ट कमी आहे. ती तुझ्याजवळ आहे. ज्या शब्दासाठी तुला दारातून हाकललं, तो शब्द यावर म्हण."

बुधी कढईपासून मागे सरली. गर्दीतून लोक ओरडू लागले, "म्हण गं बाई! म्हण!" मघाशी ओढ्यात टाका म्हणणारेच हे. महाराजांनी नुसतं वर पाहिलं आणि ते गप्प झाले.

बुधी म्हणाली, "म्हाराज, येक इचारू? म्या बोलले तर माझी मंजी परत यील?"

"नाही."

"मग मला काय गावंल?"

"काही नाही."

सांगणारे इथे घालतात की महाराजांनी तिला मोक्षाचं वचन दिलं. दिलं नाही. मला ते न दिलेलं वचनच मोठं वाटतं. तिच्याशी खोटं बोलायचं नाही, एवढं तरी कुणीतरी पाळायला हवं होतं.

"तुमी हुकूम करा," बुधी म्हणाली. "हुकूम केला तर बोलते."

"नाही करणार. तू गप्प राहिलीस तर मी तुझ्यावर रागावणार नाही. तुझं गेलं आहे. तुझा अधिकार आहे."

बुधीनं मान फिरवली. तिला जायचं होतं. एक पाऊल तिनं टाकलंही. तेव्हा जमिनीवर पडलेल्या यमूनं डोळे न उघडता हाक मारली. आवाज इतका बारीक, की जवळच्यांनाच ऐकू आला.

"मंजे... पाणी दे ना गं."

मंजी गेल्याचं त्या घरात पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. रोज दूध काढताना मंजी तिला कडेवर घेऊन उभी राहायची, कोमट फेस चाटवायची. पोरीला तहान लागली आणि तिनं जिला नेहमी मागायची तिच्याकडे पाणी मागितलं.

बुधी परत वळली. कढईवर वाकली. तिच्या घशातून घोगरा शब्द आला, "कडू." मग पुन्हा, मोठ्यानं. आणि तिसऱ्यांदा ती ओरडली. मुलीसाठी रडली नव्हती ते सगळं त्या ओरडण्यात होतं. देवळाच्या शिखरावरचे पारवे उडाले. बायकांनी कानांवर हात घेतले. अन् काय सांगू! तिच्या डोळ्यांचं पाणी कढईत पडायच्या आधीच काढ्याचा रंग पालटला. पिवळट होता तो गडद तांबूस झाला, आणि सगळ्या अंगणात सालीचा उग्र वास सुटला, रानात कोयता लावल्यावर सुटतो तो.

महाराजांनी हात बाहेर काढला, बोटं जिभेला लावली आणि त्यांचं सगळं अंग शहारलं. "आता औषध झालं," ते म्हणाले. "घ्या शास्त्रीबोवा."

शास्त्रीबोवांनी पळी घेतली. पहिल्याच घोटाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. थुंकणार होते. महाराज म्हणाले, "गिळा. गावानं तीस वर्षं गिळलं आहे." त्यांनी गिळलं.

बुधीनं स्वतः यमूचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंबथेंब पाजलं. दोन थेंब, चार थेंब. पाचव्या थेंबाला पोरीचा चेहरा आक्रसला, तिनं हात झटकला आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा टाहो फोडला. "कडू आहे! नको! कडू आहे!" शास्त्र्यांच्या घराण्यात तो शब्द त्या दिवशी प्रथमच उच्चारला गेला, आणि तो ऐकून तिची आई भर गावात हसू लागली, रडू लागली.

भार्गवशास्त्री पायरीवरून उतरले. अंगणात पावसाचा चिखल होता. सोवळ्याचा पंचा, कपाळाचं गंध, कशाचीही पर्वा न करता ते बुधीसमोर आडवे झाले आणि त्यांनी आपलं मस्तक तिच्या पायांवर ठेवलं. "आई, माझ्या हातून माणसं मेली. तुझी लेक मेली. मला क्षमा कर."

बुधीनं पाय ओढून घेतले. "माफी म्हाराजांकडं मागा, शास्त्रीबाबा. त्यांच्याकडं लई हाय. माझ्याकडं नाय."

शास्त्रीबोवांनी वर महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी त्यांना उठवलं नाही, अन् बुधीलाही समजावलं नाही.

बुधीनं यमूला आईच्या हवाली केलं, वाटी भरून घेतली आणि गर्दीकडे बघून विचारलं, "आनी कुनाकुनाच्या घरी हाय?" मघाशी ज्यानं तिचे केस धरले होते त्यानंच खाली मान घालून सांगितलं, "माझी बायकू." ती त्याच्या मागोमाग निघाली. त्याच्यानंतर दुसऱ्या घरी, मग तिसऱ्या. आणि शास्त्रीबोवा, ज्या चिखलात तिचे पाय होते तिथेच कपाळ टेकून, ती परत येईपर्यंत तसेच पडून राहिले.